माझ्या औषधाला शेजारी लागतो

पाकिटात मावेल एवढे एक कार्ड. रक्तगटाची नोंद असते तशीच, पण त्याहून बारकाईची नोंद त्यावर आहे: या माणसाच्या शरीरातून कोणते औषध चटकन निघून जाते, कोणते रेंगाळते, आणि इतरांना मानवणारी कोणती मात्रा याला बाधू शकते. 2017 ते 2020 या काळात ‘प्रिपेअर’ नावाच्या अभ्यासात ऑस्ट्रिया, ग्रीस, इटली, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया, स्पेन आणि ब्रिटन या सात देशांतले जवळपास सात हजार रुग्ण सहभागी झाले. त्यात 12 जनुकांची तपासणी करून औषधे ठरवली गेली आणि असे कार्ड रुग्णांच्या हाती आले. 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: जनुके पाहून औषध दिले, तर दखल घ्यावी लागेल असे दुष्परिणाम सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतात.

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपण स्वभावाबद्दल वापरतो. औषधशास्त्राने ती शरीरापुरती अक्षरशः खरी ठरवली. मात्र एक गंमत ध्यानात घ्यायला हवी. कार्डावर नाव एकाचेच असले, तरी त्यावरच्या एकेका ओळीचा अर्थ लागण्यासाठी हजारो अनोळखी माणसांचे रक्त तपासावे लागले आहे. उपचार जितका माझ्यापुरता होत जातो, तितकी त्याला इतरांची गरज वाढते. युरोपातल्या व्यक्तिनिहाय उपचारांच्या साऱ्या खटाटोपाचे मूळ या विरोधाभासात आहे.

एक उदाहरण घेऊ. फ्लुरोयुरासिल आणि कॅपेसिटाबिन ही आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगावरची जुनी, सर्रास वापरली जाणारी औषधे. ती शरीरात मोडण्याचे काम डीपीडी नावाचे एन्झाइम करते. युरोपीय वंशाच्या लोकांपैकी 9 टक्क्यांपर्यंत लोकांमध्ये ते कमी असते आणि 0.5 टक्क्यापर्यंत लोकांमध्ये अजिबात नसते. अशा माणसाला नेहमीची मात्रा जीवघेणी ठरू शकते. एखाद्या लहान रुग्णालयाला असा रुग्ण क्वचितच भेटणार, आणि तो दगावला तर दोष आजाराला जाणार. अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र वाचल्या, तेव्हा या मृत्यूंमागचा धागा ठळक झाला. युरोपीय औषध संस्थेने 2020 मध्ये उपचाराआधी ही चाचणी करण्याची शिफारस केली.

दुर्मीळ आजारांत इतरांची ही गरज आणखी ठळक होते. दहा हजारांत पाचांहून अधिक जणांना होत नाही, तो आजार युरोपात दुर्मीळ मानतात. असे सहा हजारांहून अधिक आजार आहेत. माल्टासारख्या पाच-सहा लाख वस्तीच्या देशात एखाद्या आजाराचा एकच रुग्ण असेल, तर त्याची तुलना कोणाशी करायची? म्हणूनच 2017 मध्ये निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञ रुग्णालयांची 24 जाळी विणली गेली. त्यांच्या आधाराने चाललेल्या ‘सॉल्व्ह-आरडी’ प्रकल्पात, निदान न झालेल्या 6,004 कुटुंबांची आधीच काढलेली जनुकीय माहिती एकत्र आणून नव्याने वाचण्यात आली. 506 कुटुंबांना आपल्या आजाराचे नाव कळले. यासाठी कोणाला नव्याने सुई टोचावी लागली नाही. उत्तर कपाटातच होते. फक्त कपाटे निरनिराळ्या गावांत होती.

मग ही कपाटे उघडायची कोणी? ब्रसेल्सने, असे उत्तर चटकन येते. पण ते अपुरे आहे. युरोपीय संघाच्या करारातले 168 वे कलम आरोग्यसेवेचा कारभार सदस्य देशांकडेच ठेवते. देशांच्या आत डोकावले, तर तो कारभार आणखी खाली उतरलेला दिसतो. इटलीत तो 20 प्रांतांकडे आहे, स्पेनमध्ये 17 स्वायत्त प्रांतांकडे, स्वीडनमध्ये 21 प्रादेशिक परिषदांकडे. रुग्णालयाचे अंदाजपत्रक, प्रयोगशाळेतले यंत्र, डॉक्टरची नेमणूक हे सारे तिथेच ठरते. दक्षिण इटलीतले रुग्ण उपचारांसाठी उत्तरेकडच्या लोम्बार्डी किंवा एमिलिया-रोमान्याची वाट धरतात. या वाटेला तिकडे ‘आशेचा प्रवास’ म्हणतात. एकाच देशातल्या दोन प्रांतांत एवढी दरी असेल, तर दोन राजधान्यांनी केलेल्या कराराने दक्षिणेकडच्या कालाब्रियातल्या रुग्णापर्यंत काय पोचणार?

म्हणून मला प्रांताप्रांतांमधले सहकार्य हे या कथेचे दुय्यम प्रकरण वाटत नाही. तोच तिचा कणा वाटतो. 2018 मध्ये सुरू झालेल्या ‘रीजन्सफॉरपरमेड’ प्रकल्पाने नेमक्या याच पातळीवरच्या कारभाऱ्यांना एकत्र आणले. एकटा प्रांतही काय करू शकतो ते पाहा: स्पेनच्या नॅव्हारा प्रांताची वस्ती सात लाखांहून कमी. पण संपूर्ण जनुकसंचाची तपासणी सार्वजनिक आरोग्यसेवेत आणण्याचा प्रयोग त्याने स्वतःच्या बळावर हाती घेतला. लहान प्रांताचा फायदा असा की तिथे संशोधक, रुग्णालय आणि तिजोरीची किल्ली सांभाळणारा अधिकारी एकमेकांना ओळखतात.

इथे एक रास्त आक्षेप येतो. जनुकसंच म्हणजे काही औषधाची चिठ्ठी नव्हे; त्यात माझ्याबरोबर माझ्या भावंडांचे आणि मुलांचेही गुपित असते. ते सीमेपार का जाऊ द्यावे? आइसलँडने 1998 मध्ये कायदा करून साऱ्या देशाच्या आरोग्यनोंदींचा संग्रह एका खासगी कंपनीमार्फत उभारायचे ठरवले, आणि नकार न देणाऱ्याची संमती गृहीत धरली. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनेच्या कसोटीवर अपुरा ठरवला, आणि तो संग्रह कधी उभाच राहिला नाही. एस्टोनियाने मात्र 2000 मध्येच जनुक संशोधनाचा कायदा करून प्रत्येकाची लेखी संमती घेण्याचा लांबचा रस्ता पत्करला. आज तिथल्या जैवपेढीत दोन लाखांहून अधिक लोक आहेत, म्हणजे प्रौढांपैकी सुमारे एक पंचमांश. घाई करणारा मागे पडला आणि विचारून पुढे जाणारा पोचला.

2018 मध्ये सुरू झालेल्या ‘दहा लाखांहून अधिक जनुकसंच’ या उपक्रमाने या आक्षेपावर तांत्रिक तोडगा काढला आहे: माहिती ज्याच्या त्याच्या घरीच राहील, संशोधकाचा प्रश्न तेवढा दारोदार फिरेल आणि उत्तर घेऊन परतेल. पण मार्च 2025 मध्ये अमलात आलेल्या युरोपीय आरोग्य-माहिती कायद्याने संशोधनासाठीच्या वापरात पुन्हा ‘नकार दिला नाही, तर चालेल’ ही रीत स्वीकारली आहे. जनुकीय माहितीसारखे प्रकार त्याच्या कक्षेत 2031 मध्ये येतील. मधल्या वर्षांत लोकांना आधी विचारले गेले नाही, तर आइसलँडचा धडा पुन्हा गिरवावा लागेल. आणि विचारायचे तर ते ओळखीच्या दवाखान्यातच जमते, दूरच्या मंत्रालयातून नाही.

या सामायिक भांडारात कोणाचे रक्त आहे, हेही पाहायला हवे. डीपीडीसाठी युरोपात प्रामुख्याने जे चार जनुकीय बदल तपासतात, ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांच्या अभ्यासातून ठरले आहेत. आइंडहोव्हन किंवा म्युनिकमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाचा अहवाल निर्दोष आला, तरी तो त्याच्या डच शेजाऱ्याइतका निर्धास्त होऊ शकत नाही. ज्यांची मोजदाद झाली, त्यांनाच हे ज्ञान नीट बसते.

सर्वांत अवघड गाठ मात्र पैशाची आहे. लहान मुलांचे स्नायू दुबळे करत नेणाऱ्या एका आनुवंशिक आजारावरच्या झोल्जेन्स्मा या जनुकोपचाराला 2020 मध्ये साऱ्या युरोपसाठी एकत्र परवानगी मिळाली. एका मात्रेची किंमत सुमारे 20 लाख युरो, आणि ती किती मोजायची हे ज्या त्या देशाने वेगवेगळे ठरवायचे! श्रीमंत देश लवकर सौदा करतो, गरीब देशातले मूल वाट पाहते; आणि या आजारात वाट पाहण्याला फार अर्थ नसतो. बेल्जियम, नेदरलँड्स आणि आयर्लंड यांनी 2021 मध्ये कंपनीशी एकत्र बोलणी करून करार केला, तो म्हणूनच मोलाचा. ज्ञान सामायिक आणि तिजोरी स्वतंत्र, असा संसार फार दिवस चालत नाही. ज्या रुग्णाच्या रक्तातून उत्तर सापडले, त्यालाच औषध परवडत नसेल, तर तो पुढच्या वेळी रक्त कशाला देईल?

पिरेनीज पर्वतात, स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या पुइगसेर्दा गावी, फ्रान्सच्या सीमेला खेटून एक रुग्णालय आहे. 2014 पासून ते दोन्ही बाजूंच्या सुमारे 30 हजार लोकांना सेवा देते. तिथे जन्मलेल्या फ्रेंच बाळाची नोंद कुठे करायची आणि एका देशातल्या डॉक्टरची पदवी दुसऱ्याने कशी मानायची, असे प्रश्न सोडवता सोडवता कारभारी घामाघूम झाले. पण एक गोष्ट त्यांनी धूसर ठेवली नाही: खर्चाचा 60 टक्के वाटा कॅटलोनियाचा, 40 टक्के फ्रान्सचा. जनुकसंचांच्या करारांत असा आकडा अजून लिहायचा आहे.