निर्वासित मुलाचे ऋण

घरादाराला मुकलेल्या मुलांच्या गोष्टी आम्ही आमच्या मुलांना आवडीने वाचून दाखवितो. गोष्ट संपते तेव्हा मुलांचे डोळे पाणावलेले असतात आणि आम्हां वडीलधाऱ्यांना समाधान वाटते. या समाधानाकडे जरा संशयाने पाहावे, असे आम्हांस वाटते. आसरा मिळालेल्या मुलाने कृतज्ञ राहिलेच पाहिजे काय?

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. सोव्हिएत सत्तेने सैबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केलेली ही कॅथोलिक कुटुंबे इराणमार्गे येथवर आली. छावणीत चर्च होते, शाळा होत्या, स्काउट पथके होती. आपल्याकडे ही हकीकत बहुधा यजमानांच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. औदार्य होतेच. पण त्या हकिकतीत मूल कोठे आहे? अनेकांची मूळ गावे युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेली. शाळेत ज्या घराचे चित्र काढले, तेथे परत जाता येणार नाही, हे दहा वर्षांच्या मुलीने कसे समजून घेतले असेल?

इयान सेरेलिअर यांच्या १९५६ च्या ‘द सिल्व्हर स्वोर्ड’मध्ये वॉर्साची भावंडे आईवडिलांच्या शोधात स्वित्झर्लंडला पोहोचतात. दुसरा एखादा लेखक भेटीपाशीच थांबला असता. येथे मात्र एडेकला क्षयासाठी उपचार घ्यावे लागतात आणि अनाथ यानच्या जुन्या सवयी सहजी सुटत नाहीत. ज्युडिथ कर यांनी १९७१ साली लिहिलेल्या कादंबरीतील अ‍ॅना १९३३ मध्ये बर्लिन सोडते. पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेशी तिची झटापट हीच तिची मोठी लढाई. नवे आयुष्य उभारणे म्हणजे हे असले रटाळ, चिडचिडीचे काम. अश्रूंच्या गोष्टीत त्याला जागा नसते.

आमच्या शनिवार पेठेला याची थोडी ओळख आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठेत शिरले. पूरग्रस्त म्हणजे निर्वासित नव्हेत, हे खरे. तरीही पाणी कोठवर चढले हे उत्साहाने सांगणारी वृद्ध मंडळी, दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालून शाळेत जाण्याविषयी क्वचितच बोलतात.

कृतज्ञता हा सद्गुण आहे. परंतु मागून घेतलेली कृतज्ञता ही वसुली होय. मत्तयच्या शुभवर्तमानात पवित्र कुटुंब इजिप्तला आश्रयास जाते. तेथे त्यांना कोणी थारा दिला, याचा उल्लेखही नाही. गोष्ट बालकाची आहे, यजमानांची नव्हे. (आम्हां यजमानांना हे जरा झोंबते, ते असो.)

वळिवड्यावर आम्हांला अशी एक मराठी बालकादंबरी वाचावयाची आहे, जिच्यातला मुलगा कोल्हापूरच्या पावसाला वैतागतो, हातावर ठेवलेला गूळ नको म्हणतो, वर्गात भांडतो, आणि महिनाभराने शेजारच्या गावातील पोराकडून स्वतःहून एक शब्द शिकून घेतो. आभाराचा शब्द नव्हे. बहुधा एखादी शिवी.