आप्पांच्या सायकलीला रंग देऊ नकोस

पाटोदा, जि. बीड

चिरंजीव बाळास,


तुझा फोन आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. आप्पांची सायकल तू पुण्याला नेलीस याचा मला आनंदच आहे. इथे पडवीत कडब्याच्या पेंढ्यांमागे कित्येक वर्षं ती तशीच उभी होती, कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नव्हतं. पण येत्या रविवारी तिचा सगळा रंग खरवडून पावडर कोटिंगला टाकणार, अगदी शोरूममधून आणल्यासारखी करणार, असं तू म्हणालास आणि मला पुढे नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तिला रंग देऊ नकोस. एवढं एक ऐक, बाकी तुझ्या मनासारखं कर.

मी ही चूक केलेली आहे. कॉलेजात असताना माझ्याकडे जुनी हर्क्युलस होती, सेकंडहँड घेतलेली. काळ्या रंगावर हाताने ओढलेल्या बारीक सोनेरी रेघा होत्या तिच्या. मी ती एका पेंटरकडे दिली. त्याने रेघा घासल्या, सीटच्या नळीजवळचा फ्रेमचा नंबर लांबीखाली बुजवला आणि वर झगझगीत निळा स्प्रे मारला. आठ दिवस मी मिरवलो. नंतर एकदा तिच्याकडे बघताना लक्षात आलं, की ही आता कुठलीही सायकल आहे. ती कधीची, कुठली, कुणी वापरली, हे सांगणारं तिच्यावर काहीच उरलं नव्हतं. रंग पुन्हा देता येतो रे, पण खरवडलेला परत आणता येत नाही.

आता आप्पांची सायकल जरा उजेडात घे. आडव्या नळीवर मधोमध रंग उडून लोखंड चकाकतंय ना? तिथे छोट्या सीटचा पट्टा आवळलेला असायचा आणि त्या सीटवर तुझी आई बसायची. कॅरिअर डावीकडे झुकलंय, ते ज्वारीच्या पोत्यांनी. मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा तुकडा दिसेल. रात्री मागून येणाऱ्याला सायकल दिसावी म्हणून तो असायचा. हे सगळं तू रविवारी पुसून टाकणार होतास.

ती 'इंग्लंडची' आहे म्हणून त्या जुन्या बाजारातल्या माणसाने तुला भाव सांगितला. त्याच्या शब्दावर जाऊ नकोस. हँडलखालच्या पितळी बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं आहे, पुढच्या दातेरी चक्रातही बगळेच कोरलेत, म्हणजे रॅले हे नक्की. पण रॅले इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनत होती, तशी 1950च्या दशकापासून बंगालमध्ये आसनसोलजवळ सेन-रॅलेच्या कारखान्यातही बनत होती. बिल्ल्यावरची अक्षरं केरोसीनच्या फडक्याने हलकेच पुसून वाच, म्हणजे कळेल. आसनसोलची निघाली तर नाराज होऊ नकोस. माझ्या मते ती तितकीच मोलाची, कारण आपल्याकडच्या मास्तरांनी, पोस्टमननी, दूधवाल्यांनी खेड्यापाड्यांतून तुडवल्या त्या मुख्यतः आपल्याच देशात बनलेल्या सायकली.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. बालाघाटाची हवा कोरडी. कोकणात एवढी वर्षं पडली असती तर नळ्या आतून पोखरल्या असत्या. इथे गंज वरवर बसतो, खोल जात नाही. तो काढायला घासकागद लागत नाही. केरोसीन, सुती चिंधी आणि सवड, बस्स. रिम आणि हँडलच्या क्रोमवरच्या तांबूस ठिपक्यांसाठी चॉकलेटची चांदी पाण्यात बुडवून हलकेच फिरव. थिनर मात्र सायकलीच्या आसपासही आणू नकोस, सोनेरी अक्षरं क्षणात जातील. त्याच कोरड्या हवेने सीटचं चामडं मात्र कडक झालंय. त्याला खालच्या बाजूने मेणाचं मलम थोडं थोडं दे, दोनतीन दिवस मुरू दे. सीटच्या नाकाखाली जो नट आहे तो अर्ध्या फेऱ्याच्या वर आवळू नकोस, चामडं फाटेल.

खरी कसोटी कॉटरची. क्रँक अ‍ॅक्सलवर धरून ठेवणारी ती पाचरीसारखी खीळ वर्षानुवर्षांच्या गंजाने जाम झालेली असणार. उतावळे लोक हातोडीने ठोकत सुटतात, मग आटे चेपतात, खीळ वाकते आणि शेवटी ड्रिलने पोखरून काढावी लागते. तू असं कर. आदल्या रात्री केरोसीन आणि थोडं ऑइल सोडून ठेव. सकाळी नट सैल कर, पण काढू नको. खिळीच्या टोकाशी सपाट येईल एवढाच ठेव, म्हणजे आटे वाचतील. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा लाव. घाव क्रँकवर झेलला गेला पाहिजे, छऱ्यांवर नाही. मग जड हातोडीचा एकच घाव, मन घट्ट करून. दहा हलके ठोके मारण्यापेक्षा तो बरा. सुटली की आवाजावरूनच कळतं.

आत छरे निघतील. मधल्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा, मागच्या चाकाला पाव इंची नऊ-नऊ, पुढच्याला त्याहून बारीक दहा-दहा. नवे घेताना ही संख्या पाठ असू दे. मधल्या अ‍ॅक्सलचे छरे ज्यात बसतात त्यातला उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. तो काढायला जाऊ नकोस, जागच्या जागी पूस. डावा कप बदलायची वेळ आली तर लक्षात ठेव, बहुतेक इंग्लिश धर्तीच्या सायकलींना इथे इंचाला 24 आटे असतात, रॅलेने स्वतःचे 26 ठेवले. दुसरा कप दोन फेरे जाईल आणि अडकेल. जोर केलास तर फ्रेमच कायमची गेली. डाव्या पॅडलचे आटेही उलटे असतात, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो.

काय जुनं ठेवायचं आणि काय नवं घालायचं, यात मी हट्टी नाही. टायर, ट्यूब आणि ब्रेकची रबरं बिनधास्त नवी घाल. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे आठवणी जपायच्या नसतात. 28 बाय दीडचे टायर आजही मिळतात, कारण अशा सायकली खेड्यात अजून चालतात. चाकाची आउट काढायला मात्र जुन्या मिस्त्रीकडेच जा. पुढे 32 आणि मागे 40 तारा, एकेक तार बोटाने छेडून सुरात आणणारा माणूस शोध. त्याला मागेल ते पैसे दे. घासाघीस करू नकोस.

पुण्यात आहेस तर आधी कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय बघून ये. 2017 साली त्यांनी ते सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसए कंपनीने केलेली घडीची सायकलही त्यांच्या संग्रहात आहे. तिथे तासभर फिरलास की पावडर कोटिंगचं नाव तू आपणहून सोडशील, अशी मला आशा आहे.

पण आपल्या घरात संग्रहालय करायचं नाही. चालवायची. ही वीसेक किलोची गाडी आहे. मोठी चाकं, लांब बांधा, ताठ बसण्याची ढब. खडकाळ गाडीवाटांवरून आप्पांना रोज डोंगरकिन्हीच्या बाजूला शाळेत नेऊन परत आणणारी. ती पळणार नाही, पण दमवणारही नाही. दांड्यांचे ब्रेक रिमला आतून धरतात आणि पावसात ओल्या क्रोमवरून घसरतात. ऑगस्टमधल्या पुण्यात नेहमीच्या दुप्पट अंतरावरून ब्रेक दाब. आप्पा जामखेडला जाताना सौताड्याचा घाट कधी बसून उतरले नाहीत. खाली उतरायचे, हँडल धरून चालत जायचे, आणि पायथ्याशी पुन्हा टांग टाकायचे. मी लहानपणी विचारलं तेव्हा म्हणाले, तुला घरी सोडायचंय.

त्या बाजारवाल्याला नाही म्हणून कळव, उद्याच. आणि कॉटर सुटली की मला फोन कर, रात्री कितीही वाजता. छरे मोजून घेतल्याशिवाय कप बंद करू नकोस.

तुझा,
मामा