आता माहं काय काम तिथं?

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडया (जत्रा) भरू लागतात. आसपासच्या गावांचे दिवस वेगवेगळे, म्हणजे पाहुण्यांना एक आटोपून दुसरी गाठता येते. लेकी-जावई येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, दिवसा दंडारीचं लोकनाट्य आणि रात्रभर झाडीपट्टीचं नाटक. अशा भरल्या घरात छपरीतल्या खाटेवर आबाजी तोंड फिरवून पडलेले असतात. चला म्हटलं की उत्तर येतं, "आता माहं काय काम तिथं?"

आपण हसतो आणि निघून जातो.

म्हातारपणातलं नैराश्य नेहमी रडत येतं असं नाही. झोप उडते, ताटातला भात उरतो, गुडघ्याचं निमित्त होऊन भजन सुटतं, मग पारावरची बैठक. दवाखान्यात नेलं तर गुडघ्याची गोळी मिळते. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या 'लासी' या वयस्कांच्या पाहणीत साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे आठ जणांत नैराश्याची ठळक लक्षणं आढळली. रोगाचं निदान झालेलं मात्र शंभरात एकसुद्धा नव्हतं. बाकीच्यांचं घरच्यांनी 'वय झालं' म्हणून निदान करून टाकलं असणार.

आजीचं तर आणखी अवघड. आबाजींना निदान पार होता. तिची बैठक भरायची ती धानाच्या बांधीत, रोवणीच्या वेळी. चिखलात ओळीनं वाकून रोप लावता लावता गाणी, थट्टा, सासरची गाऱ्हाणी, सगळं तिथंच. कंबर वाकेनाशी झाली तेव्हा मजुरीबरोबर मैत्रिणीही गेल्या. मजुरी बुडाल्याचं घरात बोललं गेलं, मैत्रिणींचं कुणाच्या ध्यानीही आलं नाही.

एकटेपणानं मन खचतं आणि खचलेलं मन माणसांत जाऊ देत नाही. म्हणून 'बाहेर पडत जा' हा उपदेश फुकट आहे. पंच्याहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीत तिकीट लागत नाही, ही चांगलीच गोष्ट. पण गाडीपर्यंत हात धरून नेणारं कुणीतरी लागतं. शाल-श्रीफळ देऊन पहिल्या रांगेत बसवल्यानंही भागत नाही (तो मान तासाभरात संपतो). आबाजींच्या प्रश्नाला खरं उत्तर म्हणजे काम. दंडारीच्या तालमीला पोरांच्या चुका काढायला त्यांना बसवा. रोवणीची गाणी नातीनं आजीकडून उतरवून घ्यावीत.

आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळली, किंवा 'आता जगून काय करू' असा शब्द निघाला, तर तो म्हातारपणाचा हट्ट समजू नका. डॉक्टरांना गाठा. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं.