‘कमावलंय त्यानं!’

डिसेंबर २०१५ मधल्या एका बुधवारी पहाटे माझ्या वहीत २६ खुणा झाल्या आणि त्यातल्या १९ फुल्या होत्या. लेकर्सच्या कोबी ब्रायंटनं फिलाडेल्फियाविरुद्ध २६ शॉट मारले, ७ आत गेले. त्यातले १७ लांबून, तीन गुणांचे. ते ४ गेले. बास्केटबॉलची मॅच बघताना मी पेन्सिल घेऊन बसते, शाळेच्या संघात होते तेव्हापासून. टीव्हीवर आत गेलेला शॉट चार-चार वेळा दाखवतात आणि चुकलेला लगेच पुसून टाकतात. वहीत दोन्ही राहतात.

चुकण्याचा राग नाही आला. राग आला तो प्रेक्षकांच्या कल्लोळाचा. फिलाडेल्फियानं याच माणसाची वर्षानुवर्षं हुर्यो उडवली होती, आपल्या गावचा असूनही. त्या सामन्याआधी तिथला जुना दिग्गज ज्युलियस अर्विंग याच्या हातून त्याला शाळेतली ३३ नंबरची जर्सी दिली, लोक उभे राहिले, इथवर सगळं छान होतं. पण मग सामना सुरू झाला, आणि चेंडू त्याच्या हातात आला की उठणारा तो कल्लोळ शॉटगणिक वाढतच गेला, शॉट कसाही असो. फिलाडेल्फियाच्या ज्या संघानं आदल्या मोसमापासून सलग २८ सामने गमावले होते, त्या मोसमातले सगळेच्या सगळे १८, तो संघ त्या रात्री जिंकला. कॉलेजच्या वयाची पोरं पहिल्यांदा जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे फोटो कुणाचा? हरलेल्याचा.

ब्रायंटनं लिहिलेली निरोपाची कविता त्या सोमवारी वाचली. मनापासून लिहिली आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्याच रात्री इंडियानाविरुद्ध २० पैकी ४. त्याआधीच्या आठवड्यात वॉरियर्सविरुद्ध १४ पैकी १. त्या मोसमात तोवर शंभर शॉटमागे जेमतेम तीस-बत्तीस आत जात होते, आणि तरी संघात सगळ्यात जास्त शॉट तोच मारत होता.

सबबी होत्या: त्याच्या टाचेवरचा अकिलीस तुटला, मग गुडघा, मग खांदा. खरं आहे. संघ कच्चा होता. तेही खरं. लोक त्याच्यासाठीच तिकीट काढायचे. काढले तर काढले. या तिन्हींशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते चौथ्या सबबीशी, कारण ती सबबीसारखी वाटत नाही, कृतज्ञतेसारखी वाटते. ‘वीस वर्षं खेळलाय, कमावलंय त्यानं!’ लेकर्सचे तेव्हाचे कोच बायरन स्कॉटही हेच सांगायचे: इतरांना नसलेली ही मोकळीक त्यानं कमावली आहे.

काय कमावलंय? हे एकदा नीट मोजू या. पाच विजेतेपदं कमावली. एका सामन्यात ८१ गुण कमावले. त्या रात्री ४६ पैकी २८ आत गेले होते. २०१५-१६ चा अडीच कोटी डॉलर पगार कमावला, तेव्हाचा लीगमधला सगळ्यात मोठा. तेव्हा एका संघाला पगारासाठी साधारण सात कोटींची मर्यादा होती, त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एकट्याला. दोन वर्षांचा हा करार तो दुखापतीतून मैदानात परतायच्या आधीच झाला होता, म्हणजे जुन्या कामाचं मोल पुरेपूर चुकतं झालं. पुढे छताला त्याची जर्सी टांगली गेली. तीही कमावलेली. यातली कुठलीही गोष्ट कुणी परत मागत नाहीये.

पण शॉट ही कमावून साठवायची वस्तूच नाही. चोवीस सेकंद चेंडू संघाकडे असतो, आणि ते चोवीस सेकंद पाचही जणांचे असतात. आमच्या आजोळी सामायिक विहीर होती. विहीर ज्यांनी खणली त्या थोरल्या आजोबांना गावात मान होता, पंगतीत पहिलं पान त्यांचं, पोळ्याला पहिली बैलजोडी त्यांची. पण पाण्याची पाळी वारानुसार ठरलेली. मंगळवारचं पाणी धाकट्याच्या उसाला जायचं होतं ते त्यांनी कधी आपल्या शेताकडे वळवलं नाही, आणि ‘विहीर मी खणली’ असं म्हणून वळवलं असतं तर त्यांचा मान त्या दिवशी संपला असता. ‘कमावलंय’ म्हणणाऱ्यांना मला हेच विचारायचंय: १४ पैकी १३ चुकले, ते १३ कुणाच्या पाळीचं पाणी होतं?

ते होतं डीअँजेलो रसेलचं. वय तेव्हा १९. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला पोरगा. चौथ्या क्वार्टरमध्ये, सामना खरा तापायचा तेव्हा, कितीदा तरी तो बेंचवर असायचा. त्यानं अजून कमावलं नव्हतं म्हणून.

मग १९९७ मधल्या त्या रात्रीचं काय करायचं? युटाविरुद्ध प्लेऑफचा पाचवा सामना, चौथ्या क्वार्टरची अखेर आणि जादा वेळ. १८ वर्षांच्या ब्रायंटनं चार शॉट असे मारले की चेंडू रिंगला शिवलासुद्धा नाही. चार! लेकर्स तिथेच स्पर्धेबाहेर गेले. ते चार शॉट त्यानं कधी कमावले होते? पहिलंच वर्ष होतं, बहुतेक सामन्यांत तो बेंचवरूनच यायचा. डेल हॅरिस या कोचनं त्याच्या हातात चेंडू दिला, पुढचा काळ याचा आहे अशा विश्वासावर दिला असावा. आणि त्या संघात एक ज्येष्ठ खेळाडू होता, त्याचं नाव बायरन स्कॉट. त्यांनी हे सगळं जवळून पाहिलंय. म्हणून त्यांच्या तोंडून ‘कमावलंय’ ऐकलं की मला जास्त लागायचं.

हे वाक्य किती गोड असतं ते मला माहीत आहे, कारण एकदा ते माझ्यासाठी वापरलं गेलंय. कॉलेजचं शेवटचं वर्ष, आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामना, माझा घोटा सुजलेला. मी कॅप्टन. सर म्हणाले, ‘तिला खेळू दे, तिनं कमावलंय.’ मी पूर्ण वेळ खेळले, लंगडत, आणि आम्ही हरलो. पहिल्या वर्षाची एक मुलगी बेंचवर माझी पाण्याची बाटली धरून बसली होती. माझ्यापेक्षा चपळ होती. पुढच्या वर्षी ती सरावाला आली नाही. मी कधी विचारलं नाही, का ते.

ब्रायंटच्याच पिढीचा दुसरा एक जण तेव्हा सॅन अँटोनियोत खेळत होता. टिम डंकन, ३९ वर्षांचा, पाच विजेतेपदं त्याचीही. पगार त्यानं स्वतःहून उतरवून घेतला. तेव्हा चेंडू क्वाय लेनर्डच्या हातात असायचा. डंकन आडोसा द्यायचा, रिबाउंड घ्यायचा, परत धावत जाऊन बचावाला उभा राहायचा. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे फारशा खुणाच होत नसत. त्याच्यावर कुणी कविता करणार नाही बहुतेक. पण त्याचा संघ जिंकत होता.

ब्रायंटला डंकन होता येणार नव्हतं हे मला कळत होतं. दोघांची माती वेगळी. १२ एप्रिल २०१३ ची रात्र मी विसरू शकत नाही: अकिलीस तुटलेला, आणि हा माणूस चालत फ्री थ्रोच्या रेषेवर आला, दोन्ही शॉट आत टाकले, मग आपल्या पायांनी बाहेर गेला. मी वहीत दोन गोल काढले आणि पुढे काहीच लिहू शकले नाही. ज्यानं हे केलं त्याला ‘आता थांब’ सांगायला कुणाची जीभ रेटत नसेल, तर तेही समजतं. पण म्हणून चुकलेल्या शॉटला टाळ्या? टाळी वाजवणाऱ्यांचं त्याच्यावर प्रेम असेल, मला त्याची काळजी होती. २६ पैकी ७ ला जल्लोष करणं म्हणजे ४६ पैकी २८ चं मोल आपल्याला कधी कळलंच नव्हतं असं कबूल करणं.

त्याच आठवड्यात गुरुवारी वॉशिंग्टनमध्ये त्यानं ३१ गुण काढले आणि लेकर्स जिंकले. लगेच फोन आले, ‘बघितलंस?’ बघितलं. २४ पैकी १०. शेवटच्या मिनिटातला तो शॉट जुन्या ब्रायंटचा होता, मी उभी राहून ओरडले. मोसमातला हा त्यांचा तिसरा विजय. पंधरा हरले होते.

मला त्याला एकदा चौथ्या क्वार्टरमध्ये बेंचवर बसलेलं बघायचं होतं. खांद्यावर टॉवेल, गुडघ्यांना बर्फ, आणि रसेलचा शॉट हवेत असताना सगळ्यांच्या आधी उठून उभा राहिलेला. शॉट आत जावो न जावो.

नाही बसणार तो, हे माहीत होतं. आणि त्याला बसवणारंही तिथे कुणी नव्हतं.