कलेंतील उसनवारी

दुसऱ्याच्या कृतींतून घेणें आणि दुसऱ्याची कृति चोरणें यांत भेद कोठें करावयाचा, हा प्रश्न साहित्यापुरता आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. पण त्याचें खरें स्वरूप पाहावयाचें असेल, तर जिचा पायाच मुळीं दुसऱ्याच्या वस्तूवर उभारलेला आहे अशी एखादी कला तपासावी. अमेरिकेंतील हिप-हॉप ही अशी कला आहे. तिचें नांव काढतांच कित्येक सुशिक्षित घरांत नाकें मुरडलीं जातात, हें आम्ही जाणून आहों. तरीहि वाचकांनीं क्षणभर धीर धरावा.

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत, सेजविक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत, ११ ऑगस्ट १९७३ रोजीं सिंडी कँबेल नांवाच्या मुलीनें शाळेसाठीं नवे कपडे घ्यावयास पैसे जमावेत म्हणून नाचाचा एक जलसा ठेवला. प्रवेशास मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या वाजविणारा तिचा भाऊ क्लाइव्ह. जग त्याला कूल हर्क म्हणून ओळखतें. त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आली होती. गाणें चालूं असतांना गाणारा थांबतो, इतर वाद्यें थांबतात आणि केवळ ताल उरतो. नाचणारे त्या कांहीं क्षणांचीच वाट पाहत असतात. या तुकड्यास तेथें ‘ब्रेक’ म्हणतात. हर्कनें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून, एकीवरचा तुकडा संपतांच दुसरीवरचा सुरू करून, तो क्षण हवा तितका लांबविण्याची युक्ति काढली. त्या तुकड्यावर अंग झोंकून नाचणारीं पोरें तीं ‘बी-बॉय’, आणि त्यांचा नाच तो ब्रेकिंग. याच भागांतून मोठा हमरस्ता काढतांना हजारों माणसांचीं घरें गेलीं होतीं. दक्षिणेकडील इमारतीमागून इमारती त्या दशकांत जळून ओस पडत होत्या. अशा ठिकाणीं घरांतल्या जुन्या तबकड्या हेंच कित्येकांचें वाद्य झालें, यांत नवल तें काय?

तात्पर्य, या कलेच्या जन्मींच ‘घेणें’ आहे. ताल दुसऱ्याचा, तबकडी दुसऱ्याची. नाचहि जेम्स ब्राउनच्या पदन्यासांतून आणि चिनी मुष्टियुद्धाच्या चित्रपटांतून बराचसा उचललेला. मग ही चोरी कां नव्हे? आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतांत काव्यांतील साम्य तीन परींचें मानलें आहे: प्रतिबिंबासारखें, चित्रासारखें, आणि दोन देहधारी माणसांतल्या साम्यासारखें. पहिलीं दोन त्यानें त्याज्य ठरविलीं व तिसरें ग्राह्य. कारण दोन माणसें सारखीं दिसलीं तरी प्रत्येकाचा जीव वेगळा असतो. हर्कच्या हातून निघालेल्या वस्तूस तसा वेगळा जीव आहे. मूळ वादकाच्या स्वप्नांतहि ती नव्हती.

नाचणाऱ्यांचा न्याय तर याहून कडक आहे. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी केली कीं ते त्यास ‘बाइटिंग’, म्हणजे चावा घेणें, म्हणतात. भोंवतीं उभा असलेला कोणी आपले दोन्ही हात जबड्यासारखे मिटवून दाखवितो, आणि तेवढ्यानें नाचणाऱ्याची अब्रू जाते. पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकांत हा नाच आला, तेव्हां परीक्षकांच्या पांच कसोट्यांत नवनिर्मिति ही एक होतीच.

येथवर आम्हांस अडचण वाटत नाहीं. अडचण पुढें आहे. घेतलेल्या वस्तूस नवा जीव दिला म्हणजे चोरीचा आळ जातो, हें खरें. पण ऋण जातें काय? १९७९ सालीं ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी निघून अमाप खपली. तींतील एका गायकानें ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्समधील कवनकाराचीं कवनें आपल्या तोंडीं घातलीं. इतकीं जशीच्या तशीं, कीं कॅझच्या टोपणनांवाचीं अक्षरेंहि त्यांत राहून गेलीं! आपल्याकडे संतांनीं अभंगांत आपली नाममुद्रा घातली. येथें ती मुद्रेसकट उचलली गेली. ज्या ‘गुड टाइम्स’वर तें गाणें रचलें, त्याच्या रचनाकारांनीं हरकत घेतल्यावर त्यांचीं नांवें तबकडीवर आलीं. कॅझचें आलें नाहीं.

पुढें न्यायालय मध्यें पडलें. १९९१ सालीं बिझ मार्कीच्या एका गाण्यावरील खटल्यांत न्यायाधीशांनीं निकालाचा आरंभ बायबलांतील चोरी न करण्याच्या आज्ञेनेंच केला, आणि परवान्यावांचून तुकडा घेणें धोक्याचें झालें. हें योग्यच, असें सकृद्दर्शनीं वाटेल. पण कायदा ज्यास मालक म्हणतो तो बहुधा रचनाकार, किंवा मुद्रणाचा हक्क बाळगणारी कंपनी. वाजविणारा हात त्यास दिसत नाहीं. ‘फंकी ड्रमर’मधील ताल धरणारा क्लाइड स्टबलफील्ड २०१७ सालीं वारला. त्याचा ताल शेंकडों गाण्यांत गेला, तरी रचनाकार म्हणून त्याची नोंद नसल्यानें त्यास त्याबद्दल हक्काचा पैसा मिळाला नाहीं. चोरीविरुद्ध एवढा करडा असणारा कायदा ज्याचें गेलें त्याच्याकडे मात्र पाहत नाहीं, हें आमच्या मतें घेणाऱ्यांच्या बेपर्वाईहून अधिक लाजिरवाणें आहे. कारण घेणारीं पोरें स्वतःच रित्या हातांचीं होतीं.

‘आमेन, ब्रदर’ हें १९६९ चें गाणें. त्यांतील ग्रेगरी कोलमनचा सहा-सात सेकंदांचा ताल हजारों गाण्यांत वाजला आहे. २०१५ सालीं श्रोत्यांनीं आपखुशीनें वर्गणी करून त्या वाद्यवृंदाचा नायक रिचर्ड स्पेन्सर यास २४,००० पौंड दिले. कोलमन त्यापूर्वींच, २००६ सालीं, अॅटलांटा येथें बेघर स्थितींत वारला होता.