अखेरच्या क्षणाची बोली

सप्टेंबर १६६२मध्ये लंडनला नौदलाच्या जुन्या जहाजांचा लिलाव झाला. मेणबत्तीचा इंचभर तुकडा पेटवावयाचा आणि ज्योत मालवण्यापूर्वी ज्याची बोली अखेरची, त्याचा माल, अशी त्या काळची रीत. ज्योत टिके तोवर बोलीदार हात राखून बसत. विझण्याच्या सुमारास एकच गलबला होई. त्यांतला एक जण मात्र नेमका क्षण साधीत होता. नौदलाच्या कारभारातील अधिकारी सॅम्युअल पीप्स याने त्याला कारण विचारले. ज्योत विझता विझता धूर खाली वळतो, एवढेच त्याने सांगितले, आणि पीप्सने ते आपल्या दैनंदिनीत टिपून ठेवले.

१९९५मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ईबे’च्या संगणकीय लिलावात मेणबत्तीची जागा घड्याळाने घेतली. अंत केव्हा, हे येथे धुरावरून ओळखावे लागत नाही. तरीही अनेक बोलीदार दिवसेंदिवस मौन पाळून शेवटच्या काही सेकंदांत रक्कम टाकतात. तोवर ज्याची बोली वरचढ होती त्याला आपण फसवले गेलो असे वाटते. ही फसवणूक आहे काय?

नियम पाहता, नाही असेच म्हणावे लागेल. प्रत्येकाने आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवावी. व्यवस्था त्याच्या वतीने प्रतिस्पर्ध्याहून थोडीशीच वर बोली नेत राहते. ज्या लिलावात विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच द्यावयाचे असते, तेथे मनातली खरी किंमत सांगण्यातच हित असते, हे विल्यम विकरी यांनी १९६१मध्ये दाखवले होते. तेव्हा शंभर डॉलर हीच ज्याची खरी मर्यादा, त्याला शेवटच्या क्षणी अधिक देणाऱ्याने लुबाडले असे होत नाही. तक्रार असते ती निराळ्या माणसाची: ज्याने शंभर लिहिले, पण दुसरा पुढे गेल्यावर दीडशेही दिले असते. वस्तू आपल्याला किती हवी, हे त्याला दुसऱ्याच्या हव्यासावरून कळावयाचे होते. आपल्या इच्छेची वार्ता प्रतिस्पर्ध्याला वेळेवर द्यावी, असे कर्तव्य कोणावर लादता येणार नाही.

अडचण येते ती ज्ञानापाशी. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ऑकनफेल्स यांच्या २००२मधील अभ्यासात संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावांत उशिराच्या बोली अधिक आढळल्या. जाणकाराने बोली लावणे हेच वस्तूच्या अस्सलपणाचे प्रमाणपत्र ठरते. समजा, आजोबांच्या पेटीतली नाणी कोणी विकावयास काढली आणि त्यांतले एक दुर्मीळ असल्याचे एकानेच ओळखले. तो आधी बोलला तर इतर सावध होतील; म्हणून तो थांबतो. येथे खरा तोटा होतो तो विक्रेत्याचा, आणि तो तर शर्यतीत उतरलेलाही नसतो.

सिसेरोने असाच एक पेच चर्चिला आहे. दुष्काळग्रस्त ऱ्होड्स बेटावर धान्य घेऊन पहिला पोचलेला व्यापारी, मागून आणखी जहाजे येत आहेत हे सांगेल काय? सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने पडला. पण त्या व्यापाऱ्याला ती जहाजे वाटेत दिसली होती इतकेच; नाण्यांच्या जाणकाराने वर्षे खर्ची घातलेली असतात. त्या कष्टांचे मोल त्याला मिळावे हे न्याय्यच. नाण्याचे सगळे मोल त्यालाच मिळावे, हे मात्र पटत नाही.

‘अॅमेझॉन’चे लिलाव चालू होते तेव्हा शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटे शांततेत गेल्याखेरीज लिलाव संपत नसे, तेथे उशिराच्या बोली बऱ्याच कमी आढळल्या. म्हणजे दोषाचा काही वाटा नियम करणाऱ्याकडेही जातो, जरी तेवढ्याने जाणकार सुटत नाही. पीप्सने विचारताच त्या बोलीदाराने धुराचे गुपित सांगून टाकले होते, आणि तेही विकणाऱ्या पक्षाच्या माणसाला. नाणी विकणाऱ्याला असे विचारता येत नाही. बोली पडते तेव्हा चार-दोन सेकंदच उरलेले असतात.