दोन वसाहती

आमच्या पत्त्यात ‘कॉलनी’ हा शब्द येतो, आणि प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत प्रवाळांच्या समूहालाही ‘कॉलनी’च म्हणतात, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. पनवेलच्या खांदा कॉलनीत मी कित्येक वर्षे राहतो. तळमजल्यावरच्या आमच्या दिवाणखान्यात सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी एक काचेची टाकी आहे. तिच्यात साडेसहाशे लिटरच्या आसपास खारे पाणी आहे, आणि त्या पाण्यात दुसरी कॉलनी नांदते. चामड्याच्या छत्रीसारखा एक मऊ प्रवाळ, रंगीत बटणांसारखे दाटीवाटीने बसलेले झोअँथस, आणि त्यांच्यामधून हिंडणारे मासे. पाहुणे आले की चहाचा कप हातात तसाच धरून तिच्यापुढे उभे राहतात आणि म्हणतात, “वा! घरात समुद्रच आणलात की!” हे वाक्य पूर्वी मला फार सुखावून जाई. आता ते ऐकले की मी थोडासा अवघडतो. का अवघडतो, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

समुद्र घरी आणणे एक वेळ सोपे. समुद्राची कामे करणे फार कठीण. गाळून निर्मळ केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात मीठ घातले की समुद्राचे पाणी होते खरे. परंतु दुसऱ्याच दिवशी त्यातले थोडे पाणी हवेत उडून जाते. मीठ उडत नाही. म्हणजे काही न करता स्वस्थ बसलो, तरी माझा समुद्र रोज थोडा अधिक खारट होतो. म्हणून सकाळी देवपूजेच्या आधी मी त्यात गोडे पाणी घालतो. मासे खातात, घाण करतात. त्या घाणीतून निघणारा अमोनिया त्यांनाच मारील. खडकांत वस्ती करणारे डोळ्यांना न दिसणारे जंतू त्याचे रूप पालटून तो निर्धोक करतात, आणि त्यातूनही जे उरते ते काढण्यासाठी मी दर आठवड्याला काही पाणी बदलतो. लाटांचे काम पंप करतात. सूर्याचे काम दिवे करतात. कारण प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, आणि ते उजेडात जे अन्न तयार करते त्यावरच त्याचे बरेचसे पोट चालते. पाण्याचे तापमान २५-२६ अंशांवर राखावे लागते. पनवेलचा मे महिना ज्यांनी भोगला आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

याच मे महिन्याने माझे डोळे उघडले. एका लग्नासाठी आम्ही दोन दिवस गावी गेलो होतो. रात्री वीज गेली. पंपाला जोडलेली बॅटरी जुनी झाली होती. ती बदलायची, बदलायची असे मी तीन महिने म्हणत होतो. वीज परत आली, पण पंप काही परत सुरू झाला नाही. आम्ही दार उघडले तेव्हा पाणी ३३ अंशांवर गेले होते. सहा माशांपैकी चार पाण्यावर तरंगत होते, आणि तो छत्रीसारखा प्रवाळ भिजलेल्या फडक्यासारखा आडवा पडला होता.

मी फार हळहळलो. बॅटरीला, उन्हाळ्याला, लग्नाच्या मुहूर्ताला, जे सापडेल त्याला बोल लावला. सौ. थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, “अहो, हे सगळं खरं. पण ते काही आपणहून आले नव्हते.”

मला त्या रात्री झोप लागली नाही. दाराशी येणारे मांजर आपणहून येते. आपण दूध दिले नाही तर ते दुसरे दार शोधते. गोठ्यातली गायही निदान हंबरून कानांवर घालते. या माशांना दुसरे दार नव्हते आणि आवाजही नव्हता. कोणी म्हणेल, मासे खाणाऱ्या घरात हा विचार शोभतो का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला, कारण आमच्याकडे पापलेट येते आणि मी ते आवडीने खातो. परंतु मला वाटते, या दोहोंत एक भेद आहे. खाणाऱ्याचा हिशेब, तो कसाही असो, तेथल्या तेथे मिटतो. पाळणाऱ्याने मात्र त्या जिवाचा प्रत्येक दिवस आपल्या अंगावर घेतलेला असतो. उजेड केव्हा पडावा, ऊन किती व्हावे, भूक केव्हा भागावी, हे सारे तोच ठरवतो. एवढे अधिकार आपण देवालाही कुरकुरत देतो.

मग हे सारे परत करून टाकावे, असे मनात आले. पण कोठे? पनवेलची खाडी जवळ आहे, मात्र तिचे गढूळ पाणी पावसाळ्यात जवळजवळ गोडे होते. तेथे हे जीव दिवसभरही जगायचे नाहीत. आपल्याकडचे प्रवाळ मालवणच्या बाजूला आहेत, आणि विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला प्रवाळ-उंचवटा आहे. पण परदेशी जातीचा मासा, किंवा टाकीतले रोग बरोबर घेतलेला कोणताही जीव, तेथे सोडणे म्हणजे उपकार नव्हेत, दुसरा अपराध. काही वस्तू उचलता येतात, परत ठेवता येत नाहीत.

हा अनुभव माझ्या आधी एका फार मोठ्या माणसाला आला होता. फिलिप हेन्री गॉस हा इंग्लंडातला निसर्गाचा अभ्यासक, मोठा श्रद्धाळू. डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या खडकांतील डबक्यांत त्याला ईश्वराची करणी दिसे. १८५४ साली त्याने मत्स्यालयावर पुस्तक लिहिले आणि घरोघरी समुद्र ठेवण्याची लाटच आली. लोक टोपल्या घेऊन किनाऱ्यांवर उतरले. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की बापाने जी डबकी जगाला दाखवली, ती जगाने ओरबाडून उजाड केली. बापाच्या प्रेमात काही खोट नव्हती. त्याने फक्त दार उघडून दिले होते.

पुढे पावसाळ्यात माझी परीक्षा झाली. एका विक्रेत्याने मला आतल्या खोलीत नेऊन पिशवीतला एक प्रवाळ दाखवला. आपल्याच समुद्रातला, खडकासारखा कठीण, हिरवट सोनेरी, नारळाएवढा. असा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे ती निदान सात-आठ वर्षांची बांधणी होती. खडक रचणारे असे सारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसलेले आहेत. हे मला ठाऊक होते आणि त्यालाही ठाऊक होते. “घरात कोण बघायला येतंय, साहेब?” तो म्हणाला. खरेच कोणी आले नसते. माझी टाकी तेव्हा ओकीबोकी दिसत होती. मी नाही म्हणालो. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर भाव विचारल्यानंतर म्हणालो.

घरी आलो तो सौ. कपाट आवरीत होती. आईची पोवळ्यांची माळ तिच्या हाती लागली होती. पोवळे म्हणजे प्रवाळच; भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचे घर. आईने ती श्रद्धेने गळ्यात वागवली आणि तिला कोणी दोष देणार नाही, कारण त्या मण्यांत कधी काळी कोणी राहत होते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मला मात्र ते ठाऊक होते. माझ्या आणि आईच्या मध्ये हाच काय तो फरक, आणि तो लहान नाही.

तेव्हापासून मी स्वतःपुरता एक नेम केला आहे. समुद्रातून काढलेले काही घ्यायचे नाही. मऊ प्रवाळाचा तुकडा कापून लावला तर रुजतो. तसे तुकडे दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीतून येतात, आपल्याकडे वाण देतात-घेतात तसे. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे विदूषक मासे आता टाक्यांतच पैदास होतात. आमच्यापासून फार दूर नसलेल्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम चालू झाले आहे. माझी नवी जोडी अशीच टाकीत जन्मलेली आहे. तिने समुद्र पाहिलेलाच नाही. याने प्रश्न सुटला, असे मी म्हणत नाही. न पाहिलेल्या घराचा विरह होत नाही, हा युक्तिवाद पिंजऱ्याचा मालकच करतो. पण निदान माझ्यासाठी आता कोणाचे घर मोडत नाही.

आणि जो समुद्र मी घरी आणला नाही, त्याचे काय? १९९८ साली पाणी तापले तेव्हा लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडून फार मोठ्या संख्येने मेले. २०२४ मध्ये तेथे पुन्हा तीच कळा आली. २०२० साली मुंबईत किनारी रस्त्याच्या वाटेत आलेल्या काही प्रवाळ-वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन लावाव्या लागल्या. हे वाचताना मला माझी जुनी बॅटरी आठवते. माझ्या टाकीत अपराधी कोण हे लगेच कळले. त्या मोठ्या टाकीची बॅटरी मात्र आपण सर्वांनी मिळून बदलायची ठेवली आहे, आणि तिचे ऊनपाणी आता आपल्याच हातांत येत चालले आहे. आपण न मागताच तिचे राखणदार होऊन बसलो आहोत. सौ.चे वाक्य तेथे उलटे लागू पडते. तेथे प्रवाळ आपणहून आले होते. मागाहून आलो ते आपण.

दिवाळीत आमच्या इमारतीतली मुले टाकीच्या खिडकीपासून दूर जाऊन फटाके लावतात. एकदा मासे दचकताना त्यांनी पाहिले, तेव्हापासून सांगावे लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या मंदावल्या, कॉलनी झोपी गेली, की मी टाकीचे दिवे मालवतो. तो छत्रीसारखा प्रवाळ मे महिन्यातून कसाबसा वाचला. आता पुन्हा ताठ उभा राहतो. रात्री तो मिटून घेतो. पंपाची घरघर ऐकत मी थोडा वेळ बसतो. दिवसभरात पाणी बोटभर उतरलेले असते. मग उठतो, आणि तांब्याने तेवढे पाणी घालून झोपायला जातो.